‘मीथिंक्स’ : एका विरळ इंग्रजी क्रियारूपाचा अर्थ आणि उगम

इंग्रजी वाङ्मयाच्या वाचकास शेक्सपिअरच्या नाटकांत आणि नंतरच्या काही काव्यांत ‘मीथिंक्स’ हा एक चमत्कारिक शब्द वरचेवर भेटतो. कोशांत त्याचा अर्थ ‘मला वाटते’ असा दिलेला असतो. तो संदर्भाशी जुळतोही, आणि वाचक पुढे जातो. परंतु शब्दाच्या घडणीकडे लक्ष दिले की अडचण उभी राहते. ‘थिंक’ म्हणजे विचार करणे. बोलणारा स्वतःविषयी बोलत असेल तर त्याने ‘आय थिंक’ असे म्हणावयास हवे. येथे ‘आय’ या कर्तृरूपाच्या जागी ‘मी’ हे कर्मरूप आले आहे, आणि क्रियापदाला तृतीय पुरुषी एकवचनाचा ‘स्’ हा प्रत्यय लागला आहे. शाळेतील इंग्रजी व्याकरणाच्या मापाने पाहिल्यास एवढ्याशा शब्दात दोन चुका भरतात.

मराठी भाषकाच्या बाबतीत त्यात कानाच्या घोटाळ्याची भर पडते. इंग्रजी ‘मी’ आणि मराठी ‘मी’ यांचा उच्चार एकच. म्हणून ‘मीथिंक्स’ हे जणू ‘मी विचार करतो’ याचेच अर्धेमुर्धे भाषांतर आहे असा भास होतो. वस्तुतः इंग्रजी ‘मी’ म्हणजे मराठी ‘मला’. आणि ‘मला’ हे रूप घेऊन पुन्हा शब्दाकडे पाहिले, की ज्या दोन गोष्टी चुका म्हणून दिसत होत्या त्या नियमाला धरून आहेत असे आढळते. ‘मीथिंक्स’ हा अशुद्ध किंवा लाडिक प्रयोग नाही. इंग्रजीतून नाहीशा झालेल्या एका वाक्यरचनेचा तो शिल्लक राहिलेला अवशेष आहे, आणि ती रचना मराठीत आजही रोजच्या वापरात आहे. या रूपाचा उगम पाहिला असता इंग्रजीने काय गमावले ते कळते. त्याचबरोबर इंग्रजीतून मराठीत भाषांतर करताना नेहमी होणाऱ्या एका चुकीचे कारणही कळते.

१. दोन क्रियापदे

आजच्या इंग्रजीत ‘थिंक’ हे एकच क्रियापद आहे. प्राचीन इंग्रजीत, म्हणजे इ. स. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकण्यापूर्वीच्या काही शतकांच्या भाषेत, त्याच्या जागी दोन निरनिराळी क्रियापदे होती. पहिले ‘थेंचन’; त्याचे भूतकाळी रूप ‘थोह्ते’, आणि अर्थ ‘विचार करणे, मनात आणणे’. दुसरे ‘थ्युंचन’, त्याचे भूतकाळी रूप ‘थूह्ते’, आणि अर्थ ‘वाटणे, भासणे, दिसणे’. पहिल्या क्रियापदाचा कर्ता विचार करणारा मनुष्य असे व तो प्रथमा विभक्तीत येई. दुसऱ्या क्रियापदाच्या वाक्यात जे भासते ते प्रथमेत किंवा उपवाक्याच्या रूपाने येई, आणि ज्याला भासते तो मनुष्य चतुर्थीत येई. ‘मे थ्युंक्थ’ म्हणजे शब्दशः ‘मला भासते’. ‘मीथिंक्स’ हे याच ‘मे थ्युंक्थ’चे वंशज होय. त्यातील ‘थिंक्स’ हे अर्थाच्या दृष्टीने आजच्या ‘थिंक’चे रूपच नव्हे, ते त्याच्या लुप्त झालेल्या भावंडाचे रूप आहे.

या दोन क्रियापदांतील भेद मराठी वाचकास समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. ‘मी विचार करतो’ आणि ‘मला वाटते’ या दोन वाक्यांत जो भेद आहे तोच ‘थेंचन’ आणि ‘थ्युंचन’ यांत होता. पहिल्यात मन काही तरी करीत असते. दुसऱ्यात मनाला काही तरी होत असते. ‘मी रात्रभर विचार केला’ असे म्हणता येते. ‘मला रात्रभर वाटले’ असे म्हटले तर काय वाटले ते सांगावे लागते. ‘तू नीट विचार कर’ अशी आज्ञा देता येते. ‘तुला असे वाट’ अशी आज्ञा देता येत नाही.

२. भगिनीभाषांची साक्ष

ही दोन्ही क्रियापदे एकट्या इंग्रजीची नव्हेत. जर्मानिक कुळातील इतर भाषांत त्यांच्या जोड्या आढळतात. चौथ्या शतकात वुल्फिला याने बायबलचे गॉथिक भाषांतर केले. त्या भाषेत ‘थांक्यान’ (भूतकाळ ‘थाह्ता’) म्हणजे विचार करणे आणि ‘थुंक्यान’ (भूतकाळ ‘थूह्ता’) म्हणजे भासणे. जर्मनमध्ये ‘डेंकेन’ हे विचार करण्याचे क्रियापद प्रचारात आहे. ‘ड्यूंकेन’ हे भासण्याचे क्रियापद ‘मिश ड्यूंक्ट’ अशा प्रयोगात राहिले असून तेही आता जुनाट, ग्रांथिक मानले जाते. आइसलँडच्या भाषेत मात्र हे भावंड चांगले धडधाकट आहे. तेथे ‘म्येर थिकिर’, म्हणजे ‘मला वाटते’, हा रोजच्या बोलण्यातला प्रयोग आहे. त्यातील ‘म्येर’ हे चतुर्थीचे रूप होय.

दोन्ही क्रियापदे एकाच धातूपासून निघाली आहेत. इंडो-युरोपीय मूळ भाषेत या धातूचे रूप ‘तेंग्’ असे असावे, असे तुलनात्मक व्याकरणाने ठरविले आहे. प्राचीन लॅटिनमधील ‘जाणणे’ या अर्थाचे ‘तोंगेरे’ हे विरळ क्रियापद त्याच धातूचे. जर्मानिक भाषांत मूळच्या ‘त्’चा ‘थ्’ आणि ‘ग्’चा ‘क्’ नियमाने होतो. त्यामुळे ‘तोंग्’पासून ‘थांक्’ आणि धातूतील स्वर गळालेल्या रूपापासून ‘थुंक्’ अशी दोन अंगे तयार झाली. आभार मानण्याचा इंग्रजी शब्द ‘थँक’ हाही याच घराण्यातला आहे. त्याचा मूळ अर्थ ‘विचार’, त्यावरून ‘चांगली आठवण’ आणि त्यावरून ‘कृतज्ञता’.

संस्कृत जाणणाऱ्यास या दोन अंगांचा परस्परसंबंध ओळखीचा वाटेल. ‘बुध्’ धातूपासून ‘बुध्यते’ आणि ‘बोधयति’ अशी दोन रूपे होतात. पहिल्यात धातूचा स्वर ऱ्हस्व राहतो आणि पुढे ‘य’ येतो. दुसऱ्यात स्वराला गुण होऊन ‘अय’ हा प्रयोजकाचा प्रत्यय लागतो. ‘थुंक्यान’ची घडण ‘बुध्यते’सारखी आणि ‘थांक्यान’ची घडण ‘बोधयति’सारखी आहे. म्हणजे ‘विचार करणे’ हे क्रियापद घडणीने ‘भासणे’ याचे प्रयोजक ठरते. ‘स्वतःला भासविणे, मनासमोर आणणे’ म्हणजेच विचार करणे, असा मूळ अर्थ व्युत्पत्तिकार सुचवितात. भासणे अगोदरचे, विचार करणे नंतरचे, असा क्रम शब्दांच्या घडणीतच उमटलेला आहे.

३. दोहोंचे एक कसे झाले

इतक्या स्पष्ट अर्थभेदाची दोन क्रियापदे एकमेकांत मिसळली, याचे पहिले कारण उच्चारातील बदल हे आहे. प्राचीन इंग्रजीतील ‘थेंचन’ आणि ‘थ्युंचन’ यांत ‘ए’ आणि ‘यु’ या स्वरांचा काय तो फरक होता. ‘यु’ हा ओठ गोल करून उच्चारलेला ‘इ’ होय. पुढे बहुतेक बोलींत ओठांची गोलाई गेली आणि शुद्ध ‘इ’ उरला. दुसरीकडे ‘ङ्’ या अनुनासिकापूर्वीचा ‘ए’ वर सरकून ‘इ’ होण्याची प्रवृत्ती इंग्रजीत वाढली. ‘इंग्लंड’ या नावाच्या इंग्रजी लेखनात आरंभी ‘ए’कारदर्शक अक्षर असूनही उच्चार ‘इ’ असा होतो, तो याच प्रवृत्तीमुळे. ‘च’च्या जागी ‘क’ येण्याचे कारण असे देतात की, द्वितीय व तृतीय पुरुषाच्या रूपांत व्यंजनापूर्वी ‘क’ हाच उच्चार होता आणि तो पुढे सर्व रूपांत पसरला. अशा रीतीने वर्तमानकाळी दोन्ही क्रियापदांचे रूप ‘थिंक’ असे एकच झाले.

भूतकाळात तेच घडले. ‘थोह्ते’ आणि ‘थूह्ते’ या रूपांतून अनुनासिक फार पूर्वीच गळाले होते. ‘ह’च्या घर्षक उच्चारापूर्वी अनुनासिक लोपून मागचा स्वर दीर्घ होणे हा जर्मानिक भाषांचा जुना नियम आहे. उरलेल्या ‘ओ’ आणि ‘ऊ’ यांतील अंतर मध्ययुगीन इंग्रजीत राहिले नाही आणि दोहोंचे ‘थॉट’ झाले. आजच्या ‘थॉट’च्या लेखनात मध्ये जी दोन मूक अक्षरे दिसतात ती त्या जुन्या घर्षक ‘ह’ची खूण आहे.

तेराव्या-चौदाव्या शतकांपासून इंग्रजी भाषकाला ‘मला भासते’ आणि ‘मी विचार करतो’ हे सांगण्यासाठी एकच क्रियापद वापरावे लागू लागले. चतुर्थीतील ‘मी’ आणि प्रथमेतील ‘आय’ एवढाच भेदक उरला. चॉसर (मृत्यू १४००) याच्या काव्यांत ‘मीथिंकेथ’ आणि ‘त्याला वाटले’ या अर्थाचा ‘हिम थॉटे’ हे प्रयोग सहज येतात. त्याच्याच लेखनात प्रथमेच्या कर्त्याचा ‘थिंक’ही आहे. ‘मीथिंकेथ’मधील ‘एथ’ हा दक्षिणेकडील बोलींचा तृतीय पुरुषी प्रत्यय. त्याच्या जागी उत्तरेकडचा ‘स्’ प्रत्यय हळूहळू प्रमाणभाषेत रूढ झाला आणि ‘मीथिंक्स’ हे रूप सिद्ध झाले.

४. एका कुटुंबाचा ऱ्हास

‘मीथिंक्स’ हा एकटा शब्द असता तर त्याचा इतिहास येथेच संपला असता. परंतु तो एका मोठ्या कुटुंबातला होता. प्राचीन व मध्ययुगीन इंग्रजीत भूक लागणे, तहान लागणे, स्वप्न पडणे, आवडणे, पश्चात्ताप होणे, कीव येणे, उणीव भासणे अशा अर्थांची पुष्कळ क्रियापदे याच रीतीने वापरली जात. अनुभव घेणारा मनुष्य प्रथमेत न येता चतुर्थीत किंवा द्वितीयेत येई आणि क्रियापद तृतीय पुरुषी एकवचनात राही. इंग्रजी व्याकरणकार त्यांना अकर्तृक क्रियापदे म्हणतात. वर दिलेल्या अर्थांची मराठी रूपे पाहिली तर मराठीत आजही ‘मला भूक लागते’, ‘मला स्वप्न पडले’, ‘मला आवडते’, ‘मला कीव येते’ अशीच रचना आहे, हे ध्यानात येईल.

यांपैकी ‘लाइक’ या क्रियापदाचे रूपांतर विशेष बोधप्रद आहे. आज ‘आय लाइक’ म्हणजे ‘मला आवडते’. परंतु मूळ ‘लीकिअन’ या क्रियापदाचा अर्थ ‘रुचणे, पसंत पडणे’ असा होता आणि रुचणारी वस्तू ही त्याचा कर्ता होती. डॅनिश व्याकरणकार ऑटो येस्पर्सन (१८६०–१९४३) याने हे स्थित्यंतर स्पष्ट करण्यासाठी राजा आणि नासपती यांचे एक उदाहरण रचले. ते भाषाशास्त्राच्या वर्गांत प्रसिद्ध आहे. प्रथम वाक्य असे होते की त्यात राजा चतुर्थीत, नासपती प्रथमेत अनेकवचनी, आणि क्रियापदही नासपतींना अनुसरून अनेकवचनी. म्हणजे तंतोतंत मराठी ‘राजाला नासपती आवडत’. पुढे नामांचे विभक्तिप्रत्यय गळाले. राजा कोणत्या विभक्तीत आहे ते दिसेना. मग क्रियापदाचे अनेकवचनी प्रत्ययही गळाले. ते कोणाला अनुसरते तेही दिसेना. वाक्यात राजा पहिला, क्रियापद दुसरे, नासपती तिसरी. इंग्रजीत कर्ता, क्रियापद, कर्म हा क्रम एव्हाना दृढ झालेला असल्यामुळे ऐकणाऱ्याने राजाला कर्ता आणि नासपतींना कर्म मानले. त्यानंतर राजाच्या जागी सर्वनाम घालताना ‘हिम’ऐवजी ‘ही’ आले आणि स्थित्यंतर पूर्ण झाले.

हे स्पष्टीकरण सुटसुटीत आहे. परंतु ते पुरेसे नाही. ‘आय’ आणि ‘मी’, ‘ही’ आणि ‘हिम’ ही सर्वनामांची रूपे इंग्रजीत कधीच एक झाली नाहीत. अशा प्रयोगांत अनुभव घेणारा बहुधा सर्वनामानेच सांगितला जातो. तेव्हा केवळ संदिग्धतेमुळे रचना बदलली असे म्हणता येत नाही. सिंथिया अ‍ॅलन यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या प्रश्नाचा पुराव्यानिशी विचार केला आहे. त्यांनी दाखविले की, प्राचीन इंग्रजीतही चतुर्थीतील हा मनुष्य निव्वळ कर्म नव्हता. रूपाने चतुर्थी असला तरी काही बाबतींत तो कर्त्याप्रमाणे वागत असे. उदाहरणार्थ, पहिल्या वाक्यात तो चतुर्थीत आलेला असताना ‘आणि’ने जोडलेल्या दुसऱ्या वाक्यात त्यालाच कर्ता धरून कर्तृपद गाळता येई. म्हणजे ‘मला’ हा शब्द वाक्याच्या अर्थात अगोदरपासूनच कर्त्याच्या आसनाजवळ बसलेला होता; पुढे त्याने पोशाख तेवढा बदलला.

अ‍ॅलन यांचे म्हणणे मराठीच्या आधाराने सहज पडताळता येते. ‘आईला पाहून त्याला रडू आले’ या वाक्यात पाहणारा कोण? ‘तो’. ‘पाहून’ या धातुसाधिताचा कर्ता सामान्यतः मुख्य वाक्याचा कर्ता असतो. येथे ‘रडू’ हे व्याकरणाने कर्ता असूनही पाहण्याची क्रिया ‘त्याला’ या पदाकडे जाते. ‘रामाला आपले गाव आवडते’ या वाक्यात ‘आपले’ म्हणजे रामाचे. ‘आपला’ हे सर्वनाम एरवी कर्त्याकडे बोट दाखविते; येथे ते चतुर्थीतील रामाकडे दाखविते. क्रियापदाचे लिंग-वचन मात्र गावाला अनुसरते. एकाच वाक्यात कर्तेपणाची लक्षणे दोघांत वाटली गेली आहेत. इंग्रजीने ही वाटणी मोडून सर्व लक्षणे अनुभव घेणाऱ्याकडे दिली. मराठीने वाटणी कायम ठेवली.

५. शेक्सपिअरचा काळ

इ. स. १६०० च्या सुमारास इंग्रजीत जुनी आणि नवी अशा दोन्ही रचना शेजारी शेजारी नांदत होत्या. ‘हॅम्लेट’ हे एकच नाटक पाहिले तरी ते दिसून येते. दुसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात क्लॉडियस राजा एक गोष्ट आपल्याला पसंत पडली असे सांगताना ‘लाइक’ हे क्रियापद जुन्या रीतीने, म्हणजे ‘आम्हांला रुचते’ अशा रचनेत वापरतो. तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात हॅम्लेटविषयीची नापसंती व्यक्त करताना तोच राजा तेच क्रियापद नव्या रीतीने, ‘आय’ हा कर्ता घेऊन वापरतो. पाचव्या अंकात हॅम्लेट होरेशिओला ‘तुला नाही का वाटत’ असे विचारतो, तेथे १६२३ च्या संग्रहात द्वितीय पुरुषाचे ‘तुला’ या अर्थाचे रूप दिसते. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्येही, उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात, देवाला पश्चात्ताप झाल्याचे वर्णन ‘मला पश्चात्ताप होतो’ अशाच जुन्या रचनेत आले आहे.

या नाटकातील ‘मीथिंक्स’चा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग तिसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात आहे. नाटकातील नाटक चालू असता त्यातील राणी पुनर्विवाह न करण्याच्या शपथा घेते. त्यावर गर्ट्रूड राणी अभिप्राय देते की, ही बाई जरा जास्तच शपथा घेत आहे. गर्ट्रूडच्या वाक्यात ‘मीथिंक्स’ शेवटी आहे. पुढे हे वाक्य म्हणीसारखे झाले आणि लोक ‘मीथिंक्स’ आरंभी घालून ते उद्धृत करू लागले. मूळची जागा मात्र अर्थपूर्ण आहे. विधान पूर्ण करून शेवटी ‘असे आपले मला वाटते’ असे सौम्यपणे जोडण्याची ही लकब मराठी बोलण्यातही आहे. गोपाळ गणेश आगरकर यांनी ‘विकारविलसित’ (१८८३) या नावाने हे नाटक मराठीत आणले. या शब्दापाशी मराठी भाषांतरकाराला अडावे लागत नाही. प्रतिशब्द त्याच्या भाषेत तयारच असतो, आणि तो अर्थाने व रचनेने दोन्ही परींनी जुळतो.

शेक्सपिअरच्याच काळात ‘मीथिंक्स’ची जाण मंदावू लागल्याची एक खूणही सापडते. याचे भूतकाळी रूप ‘मीथॉट’. त्यात ‘स्’ येण्याचे कारण नाही, कारण तो वर्तमानकाळाचा प्रत्यय आहे. तरीही १६२३ च्या संग्रहात ‘मीथॉट्स’ असे रूप काही ठिकाणी आढळते. ‘मीथिंक्स’ हा संपूर्ण शब्द एक अव्यय समजून त्याच्या नमुन्यावर भूतकाळी रूप बेतले गेले, असाच याचा अर्थ होतो. ज्या प्रत्ययाचे कार्य बोलणाऱ्याला कळेनासे होते तो प्रत्यय चुकीच्या जागी येऊ लागतो.

६. हेच रूप का टिकले

कुटुंबातील बाकीचे सदस्य गेले, तरी ‘मीथिंक्स’ सतराव्या शतकानंतरही राहिले. त्याला दोन कारणे दिसतात. पहिले असे की, हा प्रयोग वाक्याच्या मुख्य बांधणीत फारसा गुंतलेला नसे. तो विधानाच्या आधी, मध्ये वा शेवटी स्वतंत्रपणे येई. त्यामुळे मुख्य वाक्यांची रचना बदलली तरी त्याला धक्का लागला नाही. दुसरे असे की, त्यातील दोन शब्दांचा एक शब्द होऊन गेला होता. जोडून गेलेला शब्द भाषक आतून उकलून पाहात नाहीत. म्हणून तो दुरुस्तही करीत नाहीत. त्याच्या नमुन्यावर ‘सीम’ या क्रियापदापासून ‘मीसीम्स’ हे त्याच अर्थाचे रूप झाले होते. तेही असेच जुनाट होऊन राहिले.

आणखी काही अवशेष आजच्या इंग्रजीत ओळख न पटता वावरत आहेत. ‘इफ यू प्लीज’ या नित्याच्या प्रयोगात ‘यू’ हा आज कर्ता वाटतो. परंतु ‘प्लीज’चा मूळ अर्थ ‘रुचणे’, आणि पूर्ण प्रयोगाचा अर्थ ‘तुम्हांला रुचत असेल तर’. ‘वो इज मी’ या शोकोद्गारातील ‘मी’ हेही चतुर्थीचेच: ‘मला दुःख आहे’. ‘मीथिंक्स’ने मात्र आपले जुनेपण लपविले नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत ते काव्याच्या भाषेतील अलंकार झाले. विसाव्या शतकापासून गद्यात ते बहुधा विनोदाने, मुद्दाम जुनाट ऐट आणण्यासाठी येते. हॅम्लेट पोलोनियसला ढगाचा आकार मुंगसासारख्या प्राण्याचा वाटतो असे सांगतो, त्या ‘मीथिंक्स’ने आरंभ होणाऱ्या लहानशा वाक्याचा उपयोग रिचर्ड डॉकिन्स यांनी १९८६ सालच्या आपल्या उत्क्रांतिविषयक पुस्तकात संगणकाच्या एका प्रयोगासाठी केला. त्यामुळे नाटक न वाचलेल्या अनेकांनाही हा शब्द ठाऊक झाला.

७. मराठीतील स्थिती

मराठीत या रचनेचा संसार भरलेला आहे. आवडणे, रुचणे, पटणे, वाटणे, सुचणे, आठवणे, समजणे, कळणे, उमगणे, झेपणे, परवडणे ही सर्व क्रियापदे ‘मला’ घेतात. ‘मला चालवते’, ‘त्याला बोलवत नाही’ अशी शक्य क्रियापदेही त्याच वाटेने जातात. ‘मला मळमळते’ यासारख्या वाक्यात तर कर्ता म्हणून दाखविण्यासारखे काहीच नसते. मराठी व्याकरण अशा क्रियापदांना भावकर्तृक म्हणते. ‘मला वाटते की तो येईल’ यात ‘तो येईल’ हे उपवाक्य कर्ता मानता येते, आणि ‘मला ती शहाणी वाटली’ यात ‘ती’ हा उघड कर्ता आहे. प्राचीन इंग्रजीतील ‘थ्युंचन’चे प्रयोगही याच दोन प्रकारांचे असत. आणखी एक साम्य असे की, ‘मला’ हे रूप मराठीत द्वितीया आणि चतुर्थी या दोहोंचे आहे. इंग्रजीतही ‘मी’ या एकाच रूपाने दोन्ही कामे केली.

ही रचना जुनी आहे. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात ‘रुच्’ या अर्थाच्या धातूंच्या प्रयोगात ज्याला रुचते त्याला संप्रदान म्हटले आहे; संप्रदानाची विभक्ती चतुर्थी. परंतु संस्कृतात मर्यादित असलेला हा प्रयोग मराठीत कितीतरी पसरला. तो केवळ आर्यभाषांचा वारसा नव्हे, हेही उघड आहे; कारण शेजारच्या कन्नडमध्ये ‘ननगे अनिसुत्तदे’ म्हणजे ‘मला वाटते’ हाच प्रयोग आहे. कॉलिन मॅसिका यांनी १९७६ सालच्या ग्रंथात दक्षिण आशियातील निरनिराळ्या कुळांच्या भाषांना जोडणाऱ्या लक्षणांत चतुर्थीतील अनुभवकर्त्याची गणना केली आहे. सर्व भाषा इंग्रजीच्याच वाटेने जातात असे मात्र नाही. आइसलँडच्या भाषेत पूर्वी द्वितीया घेणारी काही क्रियापदे अलीकडे बोलण्यात चतुर्थी घेऊ लागली आहेत, आणि शुद्धतेचे कैवारी त्याला ‘चतुर्थीचा रोग’ म्हणून नावे ठेवतात. एका भाषेत जो प्रयोग मेला तो त्याच कुळातील दुसऱ्या भाषेत वाढत आहे.

८. भाषांतराचा प्रश्न

या इतिहासाचा मराठी लेखनाशी प्रत्यक्ष संबंध येतो तो भाषांतरात. इंग्रजीत दोन क्रियापदे एक झाल्यामुळे ‘आय थिंक’ या शब्दांत दोन अर्थ साठले आहेत. एखादा इंग्रज ‘आय थिंक’ म्हणून ‘पाऊस येईल’ असे पुढे जोडतो, तेव्हा तो कसलाही विचार करीत नसतो. त्याला तसे वाटत असते. हा अर्थ ‘थ्युंचन’चा आहे, पोशाख तेवढा ‘थेंचन’चा आहे. असे असता कोशातील पहिला अर्थ उचलून ‘मी विचार करतो की पाऊस येईल’ असे मराठी केले, तर ते वाक्य मराठी राहात नाही. घाईच्या भाषांतरांत अशी वाक्ये आढळतात. त्यांतील दोष केवळ शैलीचा नाही. मराठीने जपून ठेवलेला अर्थभेद, तो गमावून बसलेल्या भाषेच्या दबावाखाली पुसला जातो, हा खरा दोष आहे.

यावरून इंग्रजी भाषक कर्तृत्ववादी आणि मराठी भाषक सोशिक, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. रचना बदलली म्हणून इंग्रजांना भूक लागण्याची किंवा स्वप्न पडण्याची रीत बदलली नाही. भास आणि विचार यांतील भेद इंग्रजीतही ‘सीम’सारख्या इतर साधनांनी सांगता येतो. गेली ती एक सोय: जे मनात आपोआप उगवते आणि जे मन प्रयत्नाने घडविते, त्या दोहोंसाठी सर्वनामाच्या विभक्तीतच दिसणारा सहज भेद.

‘मीथिंक्स’ या रूपात ती सोय कोरलेली राहिली आहे. त्यातील ‘मी’ म्हणजे ‘मला’. त्यातील ‘थिंक्स’ म्हणजे ‘भासते’. आणि ‘स्’ हा प्रत्यय जे भासते त्याच्याशी क्रियापद जुळवून घेण्यासाठी आहे. इंग्रजी वाचकाला हे समजण्यासाठी हजार वर्षे मागे जावे लागते. मराठी वाचकाने आपले रोजचे ‘मला वाटते’ आठवले तरी पुरे.